मामीची गाडी बंद नाही

मम्पोंग, गुरुवार

चि. क्वाबेना यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या बायकोचा खोकला आणि तुझी टॅक्सी, तिघंही ठीक असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. इथे काहींना तेच खुपतं.

तुझे दाजी गेले त्याला वर्ष झालं, आणि वर्षाच्या विधीचा मांडव उतरायच्या आत त्यांचा भाचा येबोआ गाडी मागायला आला. मामाच्या मागे त्याची चीजवस्तू भाच्याची, ही आपली रीत मी नाकारत नाही (तू मामाचं घर घेतलंस तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या). पण त्या गाडीत पेट्रोल कुणी घातलं? वीस वर्षं पहाटे उठून मक्याच्या पिठाची केंकी वाफवून विकली, ती कुणी? शेवटी त्यांच्या कुळातले वडीलधारे नाना अद्दाई यांनी निवाडा दिला की येत्या रविवारी मामीने गाडी चर्चच्या दारात आणली तर ती मामीची, नाही तर येबोआची. येबोआ पोट धरून हसला. वर्षभर जागची न हललेली गाडी, बॅटरी मेलेली! म्हणाला, "मामी, ढकलायला माणसं पाठवू का?" मी म्हटलं, "पाठव. तुला घरी न्यायला लागतील."

काल कुमासीहून नवी बॅटरी आणली. मिस्त्री बोलावला नाही, कारण इथले सगळे मिस्त्री येबोआबरोबर पितात. जुनीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती, तिच्यावर कढत पाणी ओतलं, आधी काळी तार सोडली, मग लाल, आणि जुनी काढून नवी जागेवर ठेवली. सगळं शिस्तीत झालं. तेवढ्यात नाना दारूची बाटली घेऊन हजर! म्हणे जुनी बॅटरी तुझ्या दाजींनी बसवलेली, त्यांना न कळवता नवी कशी बसवणार? (हे बरीक खरं. मलाच आधी सुचायला हवं होतं.) मग नानांनी पितरांची नावं घेत उघड्या इंजिनावर दारू शिंपडली, तीही सढळ हाताने. माझा ओला हात सटकला, पाना नव्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला, ठिणगी उडाली आणि दारूने निळा भडका घेतला. मी ओलं पोतं टाकून विझवला. नाना तोवर कोंबड्यांच्या खुराड्यावर चढले होते. कुंपणापलीकडून येबोआ ओरडला, "बघा! मामा नको म्हणतोय!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "तुझ्या मामाला काही बोलायचं असतं तर तो माझ्याशी बोलला असता. तुझ्याशी तो जिवंतपणी तरी कुठे बोलत होता?" लाल तार लावली, काळी लावली, किल्ली फिरवली. खोकत, धूर ओकत गाडी सुरू झाली रे! मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, आणि येबोआला दिसावं म्हणून हॉर्नही दाबून धरला.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. मला कुणाच्या मदतीची गरज नाही.

तुझी ताई,
अमा पोकुआ

ता. क. शनिवारी सकाळची पहिली बस धरून ये. उगाच भेटायला म्हणून.

आणखी एक. नानांनी काल खुराड्यावरून उतरताना खुलासा केला की "आणली" म्हणजे मामीने स्वतः चालवत. मला गाडी चालवता येत नाही, हे तुझे दाजी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुला कळलं. शनिवारचा दिवसभर शिकवलंस तर पुरे. आणि नाही आलास तरी रविवारी मी निघणारच. मग चर्चच्या रस्त्यावर तुझं जे कोणी ओळखीचं राहत असेल, त्यांना तेवढं घरात बसायला सांग.