घामाचं यंत्र

१२ फेब्रुवारी
आजवर या दोन हातांनी केलेलं— स्टॅबिलायझर एकेचाळीस, विहाराचा ॲम्प्लिफायर, गिरणीचा स्टार्टर. आणि आज हे घामाचं यंत्र! बोटांच्या शेंड्यांना चांदीच्या दोन टिकल्या. हात घामेजला की कागदावर रेघ चढते. आयटीआय नाही, गुरू नाही.

१५ फेब्रुवारी
यंत्र मानसशास्त्राच्या डॉक्टर मॅडमच्या अभ्यासासाठी. पोरांना दुसऱ्याला लागल्याचा व्हिडिओ दाखवायचा. बहुतेकांची रेघ चढते. ज्यांची चढत नाही, त्यांच्यात निर्दय जास्त. मॅडम म्हणाल्या, "ही सरासरी आहे हं. एकट्या पोराचा निकाल यावर लावायचा नाही." फूटपट्टी कधी सरासरी मोजते का?

२ मार्च
रूपालीची, म्हणजे धाकट्या बहिणीची, मुलगी अपेक्षा. नववीत, इथंच वसतिगृहात. जिन्यावरून एक मुलगी पडली, हात मोडला. अपेक्षानं ढकललं म्हणतात. "नाय मामा, पाय सटकला तिचा." डोळ्यांत टिपूस नाही. मीच रेक्टरबाईंना म्हणालो, तपासू. तीनदा व्हिडिओ दाखवला. तीनदा सपाट! सही करून कागद रेक्टरबाईंना दिला. भाची असली म्हणून काय झालं?

४ मार्च
वसतिगृहातून काढलं तिला. गावात शाळा सातवीपर्यंतच. दाजी म्हणाले, "बसंल घरी. उन्हाळ्यात स्थळ बघू."

७ मार्च
शेजारची चिमुरडी यंत्रावर बसली. पाठीमागं ताट आपटलं— किंचाळली, रडली. रेघ जागची हलेना! तिची बोटं बघितली. शेंड्यापर्यंत मेंदी.
अपेक्षा तपासणीच्या आदल्याच दिवशी लग्नाहून आली होती. दोन्ही हात लालभडक.

८ मार्च
डाव्या हाताच्या बोटांना रात्रभर मेंदी लावून ठेवली. सकाळी टाचणी टोचली. उजव्या हाताची रेघ नऊ घरं चढली, डाव्याची एक.
यंत्र चोख आहे. लावणारा चुकला.

९ मार्च
मॅडमचा फोन. अहवालात यंत्र बनवणारा म्हणून माझं नाव छापणार— पहिल्या पानावर. मेंदीचं बोललो नाही.

११ मार्च
रूपाली आली. मुकुंदवाडी स्टेशनवरून चालत. "दादा, यंत्र चुकलं, येवढंच लिहून दे. पोरीची जिंदगी हाय रं." चुकलं होतं का, हे तिनं विचारलंच नाही. पदराची गाठ सोडून नोटा पुढं केल्या; पाटल्या मोडून आणलेल्या. म्हणालो, मी पैसे घेऊन कागद बदलणारा माणूस नाही. एक लाख चाळीस हजार नाकारले.