यादी लागण्याआधी

सर, तुम्ही आम्हाला सॉफ्टबॉल शिकवलात, पण बेसबॉलची खरी मॅच तुम्ही स्वतः कधी पाहिली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं. पाहिली नसावी. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या नियमपुस्तकावरून तुम्ही आम्हा मुलींना पकडायला, फेकायला, बेसवर घसरायला शिकवलंत. मैदानावर चुन्याने आखलेला चौकोन इतका तिरका असायचा की जिल्ह्याला गेल्यावर सरळ चौकोनात आमची पावलं चुकायची. मला तुम्ही बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी कॅचर केलंत, कारण मी फार बोलत नव्हते आणि चेंडू अंगावर आला तरी डोळे मिटत नव्हते.

मी आता ऑस्ट्रेलियात, डार्विनला असते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. इथे आले त्या वर्षी आमच्या स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, वीकेंडला काय करतेस. काही नाही, म्हटलं, शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते. "मग तू आत, मेट," तो म्हणाला, आणि त्याने मला त्याच्या फँटसी लीगमध्ये घेतलं. हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायला हवा. अमेरिकेतले खरे खेळाडू आम्ही दहा जण आपापसात वाटून घेतो. तिकडे ते खऱ्या मॅचमध्ये जे करतील, त्याचे गुण इकडे आमच्या टीमला. सीझन संपला की सहा खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखायचे, बाकीचे सोडायचे आणि मार्चमध्ये नवे निवडायचे. तुम्ही म्हणाला असता, यात घाम कुठे येतो? डार्विनमध्ये तो नुसतं बसूनही येतो, सर.

तो सहकारी आता रिटायर झाला आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्याची स्मृती जात चालली आहे. त्याचे राखलेले सहाही खेळाडू त्याच्या आवडत्या एकाच टीमचे. या डिसेंबरात त्या टीमने सगळंच मोडून टाकलं. त्यांचा जुना कॅचर दुसरीकडे गेला, एका तरुण कॅचरच्या हाताखाली. आमच्या खेळात रोज उभा राहणारा कॅचर दुर्मीळ, म्हणून त्याला भाव. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला काहीच नाही. शेवटच्या डावात येऊन मॅच संपवणारा बोलर होता, त्याला नव्या टीमने मधल्या डावांवर ठेवलं, म्हणजे त्याचेही गुण गेले. डावखुरा फटकेबाज इतक्या मोठ्या मैदानावर गेला की त्याचे निम्मे फटके आता कुंपणाजवळ पकडले जातील. बदल्यात टीमने आणली ती विशीतली मुलं, ज्यांची किंमत कळायला तीन वर्षं जातील. खऱ्या टीमला ते परवडतं. कागदावरच्या टीमला नाही.

पण खरी अडचण खेळाडूंची नव्हतीच. मागच्या सीझनला त्याने दोन महिने जखमी खेळाडू बदललेच नाहीत. ज्याची मॅच त्याच्याशी पडेल तो फुकटात जिंकायचा, आणि लीग तशाच एका फुकटच्या मॅचवर ठरली. लॅबमधल्या दोन नव्या मुलांना यायचं आहे आणि जागा दहाच. त्याला काढायचं का, यावर मतं घेतली. मी विरोधात मत दिलं, आणखी एकाने दिलं, बाकी सगळे त्याला काढायच्या बाजूने. कोणी वाईट नाही त्यात. एकाचे तर तेव्हा डोळे भरून आले होते. लीगचं कामकाज मी बघते, कारण मी कोणाशी भांडत नाही. म्हणून त्याचं नाव यादीतून काढायचं काम माझ्याकडे आलं. अॅपमध्ये त्यासाठी एक लाल बटण आहे.

मला तुमची सायकल आठवली. टीमची यादी नोटीस बोर्डावर लावायच्या आदल्या दिवशी तुम्ही निघायचात, आणि जिचं नाव नाही तिच्या घरी जाऊन तिला, तिच्या आईबापांसमोर, स्वतः सांगायचात. फळ्यावर वाचून कळायला नको, म्हणायचात. बाकीचे मास्तर तुम्हाला हसायचे.

तर मी गाडी काढली आणि त्याच्याकडे गेले. दुपार होती, किचनमध्ये पंखा पूर्ण वेगात, टेबलावर त्याच्या अक्षरातली सहा नावं लिहिलेला कागद, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर आंबा ठेवलेला. त्याच्या बायकोने चहा केला. मी सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला, मग त्याने कप सरळ केला आणि म्हणाला, "स्वतः येऊन सांगितलंस. चांगलं केलंस, मेट." मला बरं वाटलं, सर. घरी येऊन ते लाल बटण दाबलं. वाटलं, तुमचं काम मला जमलं.

पाच दिवसांनी त्याचा मेसेज आला. आपला कॅचर ठेवायचा ना या वर्षी?

मी परत गेले. तेच किचन, तोच कागद. त्याच्यासाठी ती बातमी नवीन होती. चेहरा तसाच उतरला, कप तसाच सरळ केला, आणि तेच वाक्य. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्याची बायको गाडीपर्यंत आली. म्हणाली, "दर वेळी त्याला पहिल्यांदाच लागतं गं ते. मला रोज दिसतं." मी विचारलं, मग काय करू? तिने माझ्या गाडीचं दार लावून दिलं. माझी मुलगी घरी म्हणाली, "जस्ट म्यूट हिम, मम." ती मनाने वाईट नाही. तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

आज सकाळी चौथा मेसेज आला आहे. शनिवारी ड्राफ्ट आहे, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा दिवस. तुमच्या पद्धतीत एकदा सांगितलं की माणूस रडतो, रागावतो, मग सावरतो. ज्याला सावरायला वेळच उरत नाही, त्याला किती वेळा सांगायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत. तुम्हाला तशी वेळ आली नसेल. मी उत्तरात लिहिलं, हो, ठेवतोय. शनिवारी तो लॅपटॉप उघडून बसेल आणि आत येऊ शकणार नाही. तेव्हा मी काय सांगणार, मला माहीत नाही. सांगण्यासारखं काही असेलच असं नाही.

लिहायचं होतं ते वेगळंच. राज्य स्पर्धेच्या सोळा जणींच्या यादीआधी तुम्ही आमच्या घरी आला होतात. आई वांगी भाजत होती. ती म्हणाली, मैत्रिणीकडे गेलीय. तुम्ही पाटावर बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "हात चांगला आहे तिचा. फेक दुसऱ्या बेसपर्यंत पोचत नाही, एवढंच. तिला म्हणावं, मी आलो होतो." एरवी तुम्ही हळू बोलायचात. त्या दिवशी मोठ्याने बोललात. पुढे दहावी होईपर्यंत मी तुम्हाला मैदानावर टाळलं, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा परीक्षेचं कारण सांगून अंत्यदर्शनाला आले नाही.

त्या म्हाताऱ्याने जे मला तीनदा म्हटलं, ते मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. मी घरीच होते, सर. धान्याच्या कोठीमागे बसले होते. आईला मीच तसं सांगायला लावलं होतं. माझे खडू लावून वाळत घातलेले कॅनव्हासचे बूट दाराच्या पायरीवर होते, आणि आत येताना तुम्ही ते ओलांडूनच आला असणार.