राऊटरचा हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ

राऊटर माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या ऑफिसात, पण बिल सलीमचाचांचं नि माझं निम्मं-निम्मं. त्यांचं कृषी केंद्र भिंतीपलीकडे. आज बोंडअळीच्या भरपाईचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, नेट रखडत होतं, म्हणून दुपारी त्यांच्याकडचं मीच बंद केलं. हिरवा दिवा डोक्यावर लुकलुकत होता.

चाचा आले. "गजू, नेट काऊन बंद आहे? कास्तकार बोंडांचे फोटो पाठवाले थांबून राह्यले."

"वायर तुटली असंल." का बोललो असं? मागितलं असतं तर नाही म्हणाले नसते.

साठीचा माणूस शिडी लावून टिनाच्या छपरावर चढला. "वायर तं साबूत आहे," म्हणत आत आला आणि हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. मग या महिन्याचं निम्मं बिल टेबलावर ठेवून गेला.