सुळक्याची शंभर पावलं

ता. ३ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. आई जेवते, माझ्यावर डाफरते, म्हणजे बरी आहे. बाबांच्या गिर्यारोहण मंडळाचे सचिव परवा आले होते. मोठ्या सुळक्याच्या टोकावर पोचलेल्यांच्या पाटीवर बाबांचं नाव कोरायचं ठरलंय. तुम्ही बरोबर होतात, तेव्हा तारीख आणि चार ओळी आठवण कळवा. कवितेत नको, तो माणूस घाईत असतो. पंधराला पाटी कारागिराकडे जाणार.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो लवकर उत्तर देऊन दाखवा.

तुमची पुतणी

ता. ८ मार्च

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र समोर ठेवून चार दिवस नुसता बसून आहे. काकू म्हणते, एवढ्यात महाकाव्य झालं असतं.

तेव्हा माझी शाळेतली नोकरी नवी, तुझ्या बाबाचं लग्न नवं. चढताना मी पाठ्यपुस्तकातल्या कविता खड्या आवाजात म्हणत होतो. तो म्हणाला, दादा, दम जपून वापर. ऐकतो कोण! टोक शंभर पावलांवर आलं, मी खाली बघितलं आणि पाऊल पुढे टाकवेना. कातळाला असा चिकटलो की सुटता येईना. त्यानं एकदाच वर पाहिलं. मग दोर माझ्या कमरेला बांधला आणि मला घेऊन उतरला.

खाली लोकांनी विचारलं, तर मीच बोलून गेलो, पोचलो की! त्यानं मला खोटं पाडलं नाही. मग मी ते वर्णन वर्षानुवर्षं वर्गात रंगवलं, ढगांसकट. त्याला पुन्हा जायचं होतं. पण पुन्हा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं, म्हणून तो कधीच गेला नाही.

पोरी, ती पाटी खोटी ठरेल. माझ्या पायांनी त्याचं टोक घालवलं, आता माझ्या हातानं नावही जातंय. काय करायचं ते तू ठरव. आईला सांगू नकोस.

लोभ ठेवावा की नाही, हेही तूच बघ.

तुझा काका

ता. १२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाबांनी घरी येताच सांगितलं होतं, वर गेलो नाही, पण चारचौघांत हा विषय काढू नकोस. ती रागावली आहे ती वेगळ्याच गोष्टीवर. म्हणाली, इतकी वर्षं तेच वर्णन निमूट ऐकलं, आणि दर वेळी ढग वाढत गेले!

सचिवांना नाव कोरू नका म्हणून कळवलं. ते म्हणाले, शंभर पावलांचं काय एवढं, कोण मोजतंय? मी म्हटलं, बाबांनी मोजली होती.

आम्ही भावंडं त्यांच्याबरोबर इतके डोंगर चढलो, पण टोक एकाचंही पाहिलं नाही. धाकटा रडकुंडीला आला की बाबांना नेमकी भूक लागायची आणि आम्ही परत फिरायचो. आम्ही त्यांना खादाड म्हणायचो.

रविवारी या. आई म्हणते, चढण्याचं खूप ऐकलं. त्यांनी तुम्हाला खाली कसं आणलं, ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. ते ऐकायचंय. सावकाश सांगा, घाई नाही.

लोभ होता तेवढाच आहे.

तुमची पुतणी