भाला कुणी उपटायचा

राजूर,
पौष वद्य नवमी, शके १८६०

साखराआक्का, तुला दंडवत.

दाजींना माझा रामराम. परतूरला कापसाचा बाजार बरा असंल. तुझी द्वारका आता चालायला लागली असंल. आम्ही बरे आहोत. अक्षर वाकडं आलं तर दाजींना म्हणावं, तुम्हीच शिकवलं होतं, सवय राह्यली न्हाई.

थंडी फार पडून राह्यली. शेळ्या खंगल्या. आपला तळ दिवाळीपासून इथंच, राजूरच्या माळावर होता. आपण वाटभाले, सदा वाटेवरची माणसं, एका जागी इतकं कधी बसलो, तूच आठव. फौजा मोडल्या, आजोबांची चाकरी गेली, तरी चालणं थांबलं न्हवतं.

माळाचे मालक भुजंगराव रोज येऊन ओरडायचे. जत्रेच्या गाड्या सोडायला त्यांना जागा हवी. शेवटी त्यांनी तळाच्या म्होरक्याला, आबारावकाकांना, विचारलं, "एक भाला उपटायला इतकं काय लागतं?"

काका म्हणाले, "मालक, तळात रोवलेला भाला निघाल्याबिगर आमचा तळ हलत न्हाई. आमचे गडी लढाईवर जायचे अन् तळ बायका हलवायच्या. जिनं भाला रोवला तिनंच उपटायचा. ती नसंल तर तिच्या थोरल्या लेकीनं. दुसऱ्याचा हात लागला तर पुढच्या तळावर रक्त सांडतं."

"मंग बोलवा लेकीला."

"ती मेली," काका म्हणाले.

तू तेव्हा परतूरला कापूस वेचत असशील, आक्का. दाजींशी लगीन करून छपराखाली झोपायला गेलीस म्हणून त्यांनी चिंध्यांची बाहुली करून तुझ्या नावानं जाळली, म्हणजे तू मेलीस. तेव्हापासून तुझं नाव घ्यायची बंदी.

अन् जिनं भाला रोवला होता ती… इथं मी कागद दोनदा फाडला. आई गेली, आक्का. तापानं गेली. रीतीप्रमाणं पाय पुढच्या वाटेकडं करून माती दिली. जाताना तिनं तुला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. काका म्हणाले, भ्रमात बोलते. बिलकुल भ्रम न्हवता. माझ्याकडं बघून हाक मारली.

मी काकांशी भांडलो. म्हणालो, साखराआक्का जिती आहे, परतूर काही विलायतेत न्हाई. ते म्हणाले, "मेलेल्याला बोलावलं तर सगळा तळ मरतो." मंग करायचं काय? तर बसायचं. लेकरं खोकून राह्यली अन् हे चिलीम ओढत बसलेत. भुजंगराव सांगून गेले की उद्या गडी पाठवून पालं जाळतो. तरी बसलेत. माझं डोकं फिरून गेल्तं.

मंग माझी बायको आसरा उठली. लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, भाल्यापाशी गेली अन् दोन्ही हातांनी उपटून आडवा केला.

"घ्या," म्हणाली. "आता चला."

काकांनी भाला धुतला, खांद्यावर घेतला. मंग आसराची बाहुली केली अन् जाळली. मी तिच्या बाजूला उभा राह्यलो म्हणून माझीही केली. अन् तिनं उपटलेल्या भाल्यामागं सगळा तळ सरळ चालता झाला. हाच राग जात न्हाई, आक्का. जिच्यामुळं पाय मोकळे झाले तिच्याकडं जाताना एकानंही वळून बघितलं न्हाई. धाकली चुलती रडली, पण ती पण गेली.

आता माळावर आमचं एकच पाल आहे. उद्या तेही काढतो. जालन्यापर्यंत पायी, तिथून रेल्वेनं तुझ्याकडं. पण आसरा घरात यायला तयार न्हाई. म्हणते, "मी काही मेले न्हाई, छपराखाली का झोपू?" समजावून थकलो. एवढं होऊनसुद्धा ती हटत न्हाई. तेव्हा दाजींना विचार, तुमच्या खळ्यात पाल ठोकायला जागा देतील का. पावसाळ्यात काय करायचं ते मला सुचत न्हाई.

एक लिहायचं राह्यलं. आपल्यात मातीवर खूण ठेवत न्हाईत, कारण परत त्या जागी यायचं नसतं. मी आईपाशी दगड ठेवला. देवळाकडून माळावर येणाऱ्या वाटेला एकच मोठा लिंब आहे, त्याच्या खाली. तुला कधी यावंसं वाटलं तर विचारत फिरावं लागू नये.

आता तुझ्याशिवाय कुणाचा नसलेला,
तुझा भाऊ
धुळाजी