कावीळ नव्हती

भरे, ता. मुळशी
११ डिसेंबर २०२४

प्रिय सिद्धनाथ,

तुला आणि पल्लवीला आशीर्वाद. इकडे थंडी चांगलीच पडलीय. माउलीकाकांनी मेंढरं खालच्या शेतात बसवलीत. आबा सकाळी थोडी पेज घेतात. मी बरी आहे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आबा पडदीच्या भिंतीपलीकडेच असतात, म्हणून लिहितेय. कागदाचा फोटो पाठवते. घरी बसून वाच.

शुक्रवारी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन येतो, आयसीयूत जागा मिळालीय, असं तू म्हणालास. त्याआधी परवाचं ऐक.

आबांना उन्हाला अंगणात बाजेवर बसवलं होतं. मी पाय चोळत होते. त्यांनी माझा हात धरला. "उज्वले, कावीळ इतकं दिवस ऱ्हाती व्हय गं?"

सांगायचं नाही, अशी तू शपथ घातली होतीस. मी पायच चोळत राहिले. मग तोंडातून निघून गेलं, "कावीळ न्हाई आबा. कॅन्सर हाय. डॉक्टर म्हनले, आता उपाय न्हाई."

वाटलं, आता कोसळतील. ते म्हणाले, "मला वाटलं, तुमास्नी ठावं न्हाई. पोरांना कसं सांगावं, ह्योच घोर हुता."

म्हणजे आपण त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आपल्यापासून.

घरी येऊन बघणाऱ्या स्नेहल सिस्टरला त्यांनी मग सरळ विचारलं, लई दुखंल का. तिनं काही झाकलं नाही. दुखणं औषधानं ताब्यात ठेवता येईल, पुढं झोप वाढेल, शेवटी श्वास अडखळेल. तेव्हा ओठ ओले करायचे, जवळ बसायचं. आबांनी तिच्यासमोरच सांगितलं, दवाखान्यात न्यायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत. मी हो म्हटलं. तुला न विचारता.

त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि तुझ्याविषयी बोलले. "त्याच्यावर चिडू नगं. धावपळ करतोय, कारन हितं नुसतं बसायचं त्याला जमत न्हाई."

तू माझ्यावर हवा तेवढा राग धर. पण गाडी आणू नकोस.

आबा घाबरलेले नाहीत, एवढं लिहून मी थांबणार होते. पण मी घाबरलेय, सिद्धू. सिस्टरनं सांगितलेलं सगळं पाठ आहे, तरी त्यांना ठसका लागला की माझं बोट तुझ्या नंबरावर जातं. ती वेळ आली आणि मी एकटी असले, तर शब्द मोडून मीच त्यांना दवाखान्यात घेऊन पळेन. मला माझा भरवसा वाटत नाही.

म्हणून तू ये. आबांसाठी नाही, मला धरून ठेवायला ये.

दाराकडे डोळे लावून,
तुझी आक्का