पकोरा खिंडीतली चतुर्थी

आई, मी पाकिस्तानात जाऊन आले. आधी बस खाली, पाणी पी. ओरडायचं असेल तर ओरडून घे, पण मी धडधाकट परत आलेय. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या आमच्या किचनमध्ये बसून हे लिहितेय, पुढ्यात चहा आहे आणि पायांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आहेत. तेवढंच काय ते नुकसान. तू असतीस तर तुला सांगायची माझी हिंमतच झाली नसती. राजगडला जाते म्हटलं तरी तुझा चेहरा उतरायचा, आणि हे तर पार गिलगिटच्या वर. तिथे नलतर नावाचं खोरं आहे, तिथून एक खिंड ओलांडून पलीकडच्या इश्कोमनच्या खोऱ्यात उतरायचं, असा हा ट्रेक. गाइड त्यांचा, स्वयंपाकी त्यांचा, तंबू त्यांचे, आपण फक्त पाय उचलायचे. आणि खिंडीचं नाव सांगू? पकोरा. शपथ गं! पलीकडच्या उताराला त्या नावाचं गाव आहे, त्यावरून पडलंय. न्यू लिनला मी ज्या फार्मसीत काम करते तिथे सुट्टी मागताना हे नाव सांगितलं, तर आमची गुजराती मॅनेजर हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली.

तुला आठवतंय का, मी कॉलेजात असताना आमच्या गिर्यारोहण मंडळात कोणीतरी काराकोरमच्या स्लाइड दाखवल्या होत्या? घरी येऊन मी तुला म्हटलं, मला इथे जायचंय. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं न थांबवता म्हणालीस, "जा की. तिकडे तुला कोण सोडतंय!" आणि पोळी तव्यावर टाकून मोकळी झालीस. तेव्हा खरंच कोणी सोडलं नसतं. आता हातात न्यूझीलंडचा पासपोर्ट आहे, तरी जन्मगाव पुणे बघून व्हिसा यायला इतका वेळ लागला की मी नवे बूट परत करायच्या बेतात होते. मग एके सकाळी आला. मी दुकानातच "आला गं बाई!" म्हणून ओरडले आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजोबांनी मला विचारलं, "गुड न्यूज, डिअर?"

पण खरं सांगायचंय ते चतुर्थीचं. तुझी संकष्टी. पोस्टाच्या काउंटरवरून तू दमून यायचीस, सकाळपासून पोटात चहा आणि एक केळं, बाकी काही नाही. साबुदाण्याची खिचडी करून द्यायचीस आम्हाला, स्वतः तोंडात टाकायची नाहीस. म्हणायचीस, "फराळ हादडून कसला आलाय उपास!" मी डोंगरात जायला लागले तेव्हापासून तू हे व्रत धरलंस. आणि आपल्या दोघींचा करारच ठरून गेला होता. "तू भटक, मी उपास धरते. दोघींपैकी एकीने तरी देवाशी बरं राहायला हवं ना!" असं तू शेजारच्या काकूंनासुद्धा सांगायचीस आणि वर हसायचीस. मला तेव्हा वाटायचं, ही मला टोमणा मारतेय. एकदा राजगडाहून आमची एसटी चुकली, मी घरी पोचले तोवर चंद्र चांगला गच्चीवर आलेला. तू स्वयंपाकघरात बसलेली आहेस, ओट्यावर ताट झाकून ठेवलंय, वरण-भात, उकडीचे मोदक, सगळं गार. चंद्र बघून झालाय, आरती झालीये, पण तू जेवलेली नाहीस. मी बुटांची नाडी सोडत असताना तू एवढंच म्हणालीस, "चंद्र वेळेवर येतो. तू येत नाहीस." मग दोन ताटं वाढलीस. मला त्या वाक्याचा असा राग आला होता की मी मोदक खाल्लाच नाही. आणि पुढच्याच महिन्यात तुळशीबागेतून माझ्यासाठी माकडटोपी घेऊन आलीस, भडक केशरी रंगाची, म्हणे धुक्यात लांबून दिसशील.

तू गेल्यावर ती चतुर्थी मी माझ्याकडे घेतली. मला कोणी सांगितलं नव्हतं. देवाधर्मातलं मला किती कळतं ते तुला ठाऊक आहे. पण तेरावा झाला, पुढची चतुर्थी आली आणि मला सकाळी पोहे घशाखाली उतरेनात. तेव्हापासून चुकवली नाही, वीस वर्षं तरी झाली असतील. इथे ऑकलंडमध्ये चंद्र दिसायची मारामार, महिन्यातले अर्धे दिवस ढग. दिसला तरी उलटा दिसतो गं, आपल्याकडचा ससा इथे डोक्यावर उभा असतो. मग फ्रिजवरच्या कॅलेंडरात वेळ बघायची आणि जेवायचं. लेक लहान होती तेव्हापासून पडदा बाजूला करून बघते आणि आतून ओरडते, "मम, मून्स अप! गो ईट!" मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द टाकून. आता युनिव्हर्सिटीत आहे तरी तेच. आणि मी दिवसभर काउंटरवर डायबिटीसच्या पेशंटना बजावत असते, उपास करू नका, जेवणं टाळू नका. तू मला त्या काउंटरवर बघितलं असतंस तर लाटणं फेकून मारलं असतंस.

तर आम्ही नलतरची तळी बघत बघत वर चढलो. एक तळं हिरवं, एक निळं, तळाशी पडलेली झाडं स्वच्छ दिसतात. बरोबर क्राइस्टचर्चचं एक रिटायर्ड जोडपं, दोघंही माझ्याहून मोठी आणि माझ्याहून फास्ट. खिंडीच्या अलीकडचं शेवटचं कुरण म्हणजे शानी. वर बर्फ, खाली गवत, मध्ये फुलं, आणि आमची सामान वाहणारी गाढवं इथून परत फिरणार. तिथे विश्रांतीच्या दिवशी सकाळी माझ्या फोनने टिंग केलं. नेटवर्क नाही, पण आत भरून ठेवलेली आठवण वाजायची ती वाजलीच: आज संकष्टी. झालं. मी ब्रेकफास्टचा पराठा परत पाठवला. दुपारची खिचडी परत पाठवली. चहा तेवढा घेतला. तीनच्या सुमाराला डोकं ठणकायला लागलं, ते मी उन्हावर ढकललं.

आमचा गाइड चाळिशीचा, गॉगल कपाळावर, तोंडाने सतत गुणगुण. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या बोटाला तो चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा. माझा आकडा बघितला आणि गुणगुण थांबली. स्वयंपाकी मागून बोललाच, "बाजी ने सुबह से कुछ नहीं खाया." बाजी म्हणजे ताई, म्हणजे मी. चहाडखोर मेला! गाइडने मला बाजूला घेतलं. "बाजी, क्या बात है?" मी म्हटलं, व्रत आहे, तुमच्या रोज्यासारखं समजा. चंद्र उगवला की जेवेन. त्याने चहूकडच्या डोंगरांकडे बघितलं. "यहाँ चाँद कब निकलेगा, मालूम है? आधी रात के बाद. और हम अंधेरे में ही निकलते हैं. भूखे पेट मैं आपको ऊपर नहीं ले जाऊँगा. सुबह गधे वापस जा रहे हैं, आप उनके साथ जाइए."

गाढवांबरोबर परत! आई, वर्षभर मी इथल्या वाईटाकेरेच्या डोंगरात पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन चढले होते गं. मी तोंडाला येईल ते बोलले त्याला, हिंदीत, मध्येच मराठीत. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सफ़र में तो रोज़ा माफ़ होता है." मी म्हटलं, आमच्याकडे माफी आई देते आणि ती नाही आता. तो दगडावर बसला, मलाही बसवलं. "अम्मी आपके साथ पहाड़ पे आती थीं?" मी म्हटलं, छे! ती घरी उपास धरून बसायची, मी चढायचे. तसं ठरलेलं होतं.

त्यावर तो इतका मोठ्याने हसला की गाढवांनी कान टवकारले. "तो फिर आप दूसरे का काम क्यों कर रही हैं? चलने वाला खाता है, बाजी. भूखा तो घर वाला रहता है!" मग त्याने त्याच्या आईचं सांगितलं. तो खिंडीवर गेला की पलीकडून फोन येईपर्यंत ती नुसत्या मिठाच्या चहावर राहते. त्याने किती समजावलं, ऐकत नाही. फोन केला की पहिला शब्द आशीर्वादाचा नाही, शिवीचा: इतका उशीर का केलास? मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. चांगली भोकाड पसरून रडले, क्राइस्टचर्चची बाई टॉयलेट पेपरचा रोल घेऊन धावत आली. वीस वर्षं मी दोन्ही कामं एकटीच करत होते, चढणारीचं आणि घरी बसणारीचं, आणि तुझी जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून माझी जागा सोडून बसले होते. हे मला एका परक्या माणसाने दगडावर बसवून सांगितलं. त्याचा जरा रागही आला.

मग मी जेवले. ऊन अजून बर्फावर होतं, चंद्राचा पत्ता नव्हता आणि मी वरण-भात जेवले. तिकडे दाल-चावल म्हणतात, पण वरण-भातच तो. वर बटाट्याची भाजी, वर शेवया. स्वयंपाकी प्रत्येक घासाकडे बघत उभा. मीही त्याला सूड म्हणून तीनदा वाढायला लावलं. सकाळी चिमट्याने चांगला आकडा दाखवला, गाइड पुन्हा गुणगुणायला लागला आणि आम्ही निघालो. वर चढ असा की मुरमावर दोन पावलं वर टाकावी तर एक खाली. मग बर्फ. मग एकदम वर काहीच उरलं नाही, नुसतं आकाश, आणि पलीकडे डोंगरांच्या रांगाच रांगा. क्राइस्टचर्चचा म्हातारा म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास. मी त्याच्या गळ्यात पडले, त्याच्या बायकोच्या पडले, स्वयंपाक्याच्याही पडणार होते, तो घाबरून मागे सरला. इतका आनंद मला लेक झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर हाच.

पलीकडे हिमनदीवरून दोर बांधून उतरलो, मग दोन मुक्काम, मग जीप. पकोरा गावाच्याही बरंच खाली फोनला जीव आला आणि सगळे मेसेज एकदम धडाधडा कोसळले. त्यात लेकीचा एक आवाजी मेसेज. जीपच्या खडखडाटात कानाला लावून ऐकला. "हाय मम. फ्रिजवर तुझा मून डे दिसला. आय फिगर्ड यू'ड बी वॉकिंग. आजी डिड द हंगरी बिट अँड यू डिड द हिल्स, राइट? सो आय डिड द हंगरी बिट. इट वॉज रिअली क्लाउडी, मून दिसलाच नाही, सो आय वेटेड टिल द टाइम. कॉल मी व्हेन यू'र डाउन." गाइडने आरशातून बघितलं, "सब ख़ैरियत?" मी नुसती मान हलवली. तिला हे कोणी शिकवलं नाही आई. लहानपणी गोष्ट म्हणून सांगितलेलं, तेवढंच.

आता घरी येऊन नीट बघितलं तर वेगळीच गंमत. माझ्या फोनात ऑकलंडची चतुर्थी भरलेली. तिकडे शानीच्या आभाळात ती आदल्याच दिवशी होऊन गेली होती, आणि आदल्या दिवशी आम्ही एका धनगराकडून मटण घेतलं होतं. मी हाडंसुद्धा चोखली. म्हणजे जिच्यापायी माझी गाढवांबरोबर परत पाठवणी होणार होती ती चतुर्थी माझी नव्हतीच, ती इथली होती, आणि इथे ती लेकीने धरली होती.

हे पत्र कुठे टाकणार? तू काउंटरवर असतीस तर पिनकोड नाही म्हणून तूच परत केलं असतंस. राहू दे इथेच. फक्त एक सांगायचं राहिलं. एअरपोर्टवरून येताना गाडीत लेक हळूच म्हणाली, "मम, डोन्ट बी मॅड." त्या दिवशी दुपारी तिने डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, मिन्स पाय घेतला होता. खिमा भरलेला गं. अर्धा खाल्ल्यावर तिला उपासाची आठवण झाली, आणि टाकायचा कसा म्हणून उरलेला अर्धाही खाल्ला. "डझ इट स्टिल काउंट?" तिने विचारलं, आणि रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मी तुला न विचारताच तिला थाप मारली, हो, आजीच्या वेळीही चालायचं.